झाडामागचा बोळ

बागा आखून देते असं सांगितलं की लोक खताबद्दल किंवा किडीबद्दल विचारतील असं वाटतं. प्रत्यक्षात पहिला प्रश्न अंतराचा असतो. बंगल्याला नुकताच रंग लागलेला असतो, जोतं उघडं-बोडकं दिसत असतं, आणि नर्सरीतून आणलेली जास्वंद, तगर, कामिनी पिशव्यांमध्ये रांगेनं उभी असतात. "ताई, भिंतीपासून किती लांब लावायची?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं: एक वीत, फार तर दीड. कारण हातातलं रोपच मुळी वीतभर घेराचं असतं.

माझा हिशेब साधा आहे. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं पसरेल त्याचा निम्मा घेर, आणि त्यावर माणूस आडवा होऊन जाईल एवढा दीड-दोन फुटांचा बोळ. जास्वंद मोकळी वाढली तर सहा फूट पसरते. म्हणजे तिचं खोड भिंतीपासून साडेचार-पाच फुटांवर हवं. तगरीचंही तसंच. कण्हेर त्याहून ऐसपैस, तिला सहा फूट द्यावेत. मोगऱ्याचा पसारा तीन फुटांचा, त्याला तीन फूट पुरतात. पारिजातक तर झुडूप म्हणून येतो आणि झाड होऊन बसतो. त्याला आठ-दहा फूट नसतील तर तो भिंतीजवळ लावूच नये.

आकडे ऐकून कुणाला काही पटत नाही, म्हणून मी फक्की वापरते. रोपाच्या जागी खुंटी ठोकायची, तीन फुटांची दोरी बांधायची आणि जमिनीवर पांढरं वर्तुळ काढायचं. जास्वंद उद्या एवढी होणार. वीतभर अंतरावर खुंटी ठोकली की निम्मं वर्तुळ दिवाणखान्यात जातं, आणि मग मला काही बोलावं लागत नाही.

बोळ मात्र फक्कीनं दिसत नाही, तो समजावून सांगावा लागतो. भिंतीला काही ना काही काम निघतंच. रंगारी परांची बांधणार, प्लंबर चेंबरचं झाकण उघडणार, एसीवाला बाहेरचं युनिट धुणार, कुणी मीटर वाचायला येणार. त्यांना जागा नसेल तर ते ती करून घेतात. कोयत्यानं. रंगकाम झाल्यावर झुडपांची काय दशा होते ते मी बऱ्याच आवारांत पाहिलं आहे. झाडालाही मागून वारा लागतो. भिंतीला चिकटलेल्या जास्वंदीच्या पाठीमागे ऊन पोहोचत नाही, तिथली पानं झडतात, काड्या उघड्या पडतात आणि पिठ्या ढेकूण नेमका त्याच बाजूला घर करतो. पुढून फवारणी करायची आणि मागून कीड पोसायची, असा तो खेळ चालतो. मग झाड खिडकीवर आलं म्हणून महिन्याला कात्री लागते. जास्वंदीची कळी नव्या फुटीवर धरते. दर महिन्याला शेंडे उडवले तर फुलं कुठून येणार?

दुसरी गोष्ट पाण्याची. पागोळ्या जिथे पडतात त्या रेघेवर रोप लावू नये. कोकणातल्या पावसात ती रेघ जमीन कोरून काढते आणि बुंध्याची माती वाहून नेते. पागोळीच्या आतली जागा उलट कोरडी असते. भर पावसाळ्यात वळचणीखालच्या रोपाला पाणी घालावं लागतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. म्हणून रोप पागोळीच्या बाहेर हवं, जमिनीचा उतार घरापासून बाहेर हवा आणि ठिबकची तोटी झाडाच्या बाहेरच्या अंगाला हवी. मुळं पाण्याकडे जातात. त्यांना भिंतीकडे बोलावणं धाडू नये.

उत्तरेच्या भिंतीला मी आणखी फूटभर जास्त सोडते. पुण्यात मे ते जुलै सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, तेवढंच काय ते या भिंतीला दुपारचं ऊन. आणि त्यातले बरेच दिवस ढगांचे. हिवाळ्यात तर तिच्यावर ऊन पडतच नाही. पावसात भिजलेली भिंत वाऱ्यावरच वाळायची असते. तिच्यासमोर दाट कामिनी उभी केली की आतल्या खोलीत पोपडे आणि बुरशी दिसू लागते. पश्चिमेची भिंत मात्र उन्हाळ्यात तापते, तिला सावली हवीच असते. तिथेही चार-पाच फुटांवरचं झाड तेवढीच सावली देतं आणि भिंतीला वारा मोकळा राहतो.

काळ्या मातीत मी याहून कडक होते. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरच्या घराला पायाखालचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा लागतो. भिंतीला खेटून रोज भिजणारा वाफा ठेवला तर एक बाजू फुगलेली राहते. उलट ऐन मे महिन्यात तहानलेलं मोठं झाड पायाजवळचं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं. दोन्हींचा परिणाम खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरक्या भेगेत दिसू शकतो. झुडपाची मुळं धडधाकट पाया फोडत नाहीत. त्यांचा खरा त्रास या ओल्या-कोरड्याच्या वाटेनं येतो. मुरमावरच्या घराला ही धास्ती फार कमी.

भिंतीलगतची माती झाडाच्याही फायद्याची नसते. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचं सांडलेलं पाणी, प्लॅस्टरचे तुकडे सगळं तिथेच गाडलं जातं. चुन्यामुळे माती विम्लधर्मी होते आणि लोह असूनही झाडाला घेता येत नाही. अनंत आणि एक्झोरा यांना आंबट माती लागते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत एक्झोरा लाल गुच्छांनी लगडतो. पुण्यात भिंतीला टेकवला की त्याची पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या. लोक खत वाढवत राहतात. तीन फूट अलीकडे, राडा काढून भरलेल्या चांगल्या मातीत तोच एक्झोरा निदान हिरवा तरी राहतो.

आणि वाळवी. बांधकामाच्या वेळी पायाभोवतीच्या मातीत वाळवीचं औषध घातलेलं असेल, तर भिंतीला लागून खड्डा खणताना आपण तो पट्टा आपल्या हातानं तोडतो. शिवाय दरवर्षी शेणखत, पोयटा, पालापाचोळा पडून वाफा वर चढत जातो. जोत्याचा निदान सहा इंच भाग कायम उघडा दिसला पाहिजे. ओल रोखायला जोत्यावर घातलेला थर मातीखाली गेला की ओल त्याला वळसा घालून भिंतीत शिरते, आणि वाळवीही त्याच आडोशानं दिसेनाशी वर चढते.

जोत्याभोवती झुडपांची झालर लावायची ही रीत अमेरिकन उपनगरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. उंच उचललेल्या घरांचा ओबडधोबड पाया झाकण्यासाठी. आपल्याकडे घडीव काळ्या दगडाचं जोतं झाकायची कल्पनाच कुणाला सुचली नसती, ते तर मिरवायचं. पुढे सारवलेलं अंगण, त्यात वृंदावन, न्हाणीच्या पाण्यावर परसात केळी आणि अळू. साप, विंचू, उंदीर यांना दडायला जागा नको म्हणूनही घराला लागून जमीन लख्ख ठेवत.

तरी हौस खोटी नसते. पाच फुटांवर लावलेलं वीतभर रोप पहिली दोन वर्षं केविलवाणं दिसतं हे मान्य करायला हवं. त्या काळासाठी मी अबोली, झेंडू, तेरडा, कोलियस अशी सोबत देते. रोप मोठं होईल तशी ती आपोआप मागे हटते. अबोली हटत नाही, तिला उचलून दुसरीकडे न्यावं लागतं.

खरी अडचण शहरातल्या छोट्या प्लॉटची आहे. घर आणि कुंपण यांच्यात पाच फूट, त्यात मोटारीचा पाइप, वर खिडकीचा सज्जा. तिथे जास्वंद बसत नाही, आणि छाटून बसवली तर ती जास्वंद राहत नाही. म्हणून आताशा मी रोपं न आणता बोलवा असं सांगते. टेप घेऊन आधी जागा मोजायची, पागोळीची रेघ, चेंबर आणि बोळ त्यातून वजा करायचे, आणि उरेल त्यात बसणारं झाड निवडायचं. दीड फूट उरला तर अबोली किंवा बुटका एक्झोरा. काहीच उरलं नाही तर भिंत मोकळी सोडायची आणि जास्वंद कुंपणाजवळ लावायची. तशीही तिची फुलं घरातूनच बघायची असतात, आणि खिडकीतून भिंतीजवळचं झाड दिसत नाही; कुंपणाजवळचं दिसतं.