आधी नीट पाहा

वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेनंतर आमचे सर एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत : आधी नीट पाहा, मग मत बनवा. त्याचा अर्थ मला पन्नाशीत, किहीमच्या घरी, एका काळ्या माशाने शिकविला.

लेकीने बोटभर लांबीचा ‘ब्लॅक सकर’ आणला. काच स्वच्छ ठेवणारा मासा, अशी त्याची ओळख. दिवसभर तो लाकडाच्या ओंडक्याखाली दडे, रात्री शेवाळ, काकडी, दुधीच्या फोडी खाई आणि साफ करी त्याहून अधिक घाण करी. दोन वर्षांत तो फूटभर झाला; टाकी अपुरी पडली. बुद्धपौर्णिमेला त्याला गावाच्या तळ्यात सोडावे, असे घरात ठरले. बंदिवानाला मुक्त करण्याचे समाधान आम्हां सर्वांनाच हवे होते.

पण हा आहे तरी कोण? १९३० साली याच किहीममध्ये सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांचे जीवन चिकाटीने न्याहाळले होते. मला निदान एक मासा न्याहाळता यावा! त्याने पाठीवरचा पर उभारताच मी छायाचित्र घेतले आणि काड्या मोजल्या. पुढच्या जाड काट्यामागे सात असत्या, तर तो हिपोस्टोमस ठरता. भरल्या बारा. म्हणजे टेरिगोप्लिक्थिस : मूळचा दक्षिण अमेरिकेचा, अंगावर हाडांचे कवच असलेला. पाण्यातला प्राणवायू कमी पडला, तर हवा गिळून जठराने श्वास घेणारा. याचे नर काठांत बिळे खोदून अंडी राखतात. बंगाल, केरळ, तेलंगणातील जलाशयांत तो पसरला आहे. त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात.

आमचे तळे पावसाळ्यात ओसंडते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ज्या ओढ्यांतून शेतांत चढतात, तीच वाट यालाही मोकळी झाली असती.

वाडीत सिमेंटची बंदिस्त टाकी बांधली, वर जाळी बसविली. लेकीने विचारले, “बाबा, मग याची सुटका कधी?” मी म्हणालो, “त्याची नाही, बाळा. आणि आपलीही नाही.” असा मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. तोवर त्याचे पाणी बदलणे हे माझे काम. करुणा एकट्या त्याच्यापुरती नसते. तळ्यातल्या मरळीचाही तिच्यावर हक्क आहे. सर, उशिरा का होईना, नीट पाहिले.