तुटलेली तार जोडणारा हात

शौर्यपदक म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर उगारलेले शस्त्र उभे राहते. तोफखान्यातील कनिष्ठ अधिकाऱ्याचा पराक्रम मात्र या चित्रात सहजी मावत नाही. त्याच्या तोफा बऱ्याच अंतरावर मागे उभ्या असतात. तोफचींना लक्ष्य दिसत नाही. हा अधिकारी पायदळाच्या आघाडीवर जाऊन त्यांचे डोळे होतो आणि गोळा कोठे पडला हे मागे कळवतो. दुसऱ्या महायुद्धात पुष्कळदा हे काम टेलिफोनच्या एका तारेवर अवलंबून असे. तार तुटली की तोफा आंधळ्या होत.

ऑस्ट्रेलियाचे लेफ्टनंट आर्थर रोडन कटलर हे असेच एक निरीक्षक. जून १९४१ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते लेबनॉनमधील मर्जायून येथे विशी फ्रान्सच्या सैन्याशी लढत होते. सीरिया-लेबनॉनच्या त्या मोहिमेत भारताची पाचवी पायदळ ब्रिगेडही लढली. त्यामुळे ती रणभूमी आम्हांस अगदीच परकी वाटत नाही.

१९ जून रोजी पायदळाची आगेकूच खुंटली, तेव्हा कटलर काही सोबत्यांसह पुढे सरकले आणि एका घरात त्यांनी निरीक्षणाची चौकी उभारली. तार तुटली. मशीनगनच्या माऱ्यात ते बाहेर पडले, तार जोडली आणि पुन्हा त्याच घरात परतले. पुढे शत्रूचे पायदळ व रणगाडे चालून आले. ब्रेन गन चालविणारा सैनिक ठार झाला, एक अधिकारी प्राणांतिक जखमी झाला. कटलर व त्यांच्या एका सोबत्याने रणगाडाविरोधी रायफल व ब्रेन गन हाती घेऊन तो हल्ला परतविला. त्यानंतर जखमींना सुरक्षित हलविण्याचे काम त्यांनी जातीने पाहिले. ६ जुलै रोजी दामूर येथे, आपल्या चौकीपर्यंत तार आणण्यासाठी जात असता, ते स्वतः गंभीर जखमी झाले. सव्वीस तास त्यांच्यापर्यंत कोणालाही पोहोचता आले नाही. जखम चिघळली व पाय कापावा लागला. या अठरा दिवसांतील शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

ही हकीकत आम्ही घरातील मुलांना सांगतो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्यांनी शत्रूची किती माणसे मारली? पदकाच्या मानपत्रात तो आकडा नाही. तेथे जोडलेल्या तारेची नोंद आहे, सुखरूप हलविलेल्या जखमींची नोंद आहे. युद्ध संहाराचेच असते, आणि कटलर यांनी शस्त्र चालविले, हे आम्ही मुलांपासून लपवीत नाही. परंतु संहाराच्या मोजमापाने हे पदक मोजता येत नाही, एवढे त्यांना उमगावे असे आम्हांस मनापासून वाटते.

एक पाय गमावलेला हा माणूस पुढे घरात बसून राहिला नाही. १९४६ मध्ये ते न्यूझीलंडमध्ये ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त झाले. नंतर श्रीलंका व पाकिस्तान येथेही त्यांनी तेच पद सांभाळले. १९६६ ते १९८१ अशी पंधरा वर्षे ते न्यू साउथ वेल्सचे राज्यपाल होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. देशादेशांत बोलणे चालू ठेवणे हेच राजदूताचे काम. पदक छातीवर लागल्यानंतरही त्यांनी तार जोडण्याचे काम सोडले नाही, असेच आम्ही म्हणू.