चिकटपट्टीचा हिशेब

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांची अभ्यासिका भरते. आम्ही नोकरीने कारकून, शिक्षण बी.कॉम.; गणित शिकवतो. प्रमाण समजावे म्हणून गेल्या वर्षी मुलांकडून पुठ्ठ्याचा ‘डेक्कन क्वीन’चा डबा करून घ्यायचे ठरवले.

ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे तिचे डबे क्रीम आणि निळ्या रंगाचे, खिडक्यांच्या वर लाल पट्टा. २०२२ साली नवे डबे आले, रंग बदलला. पण सातवीतल्या एका मुलाने जुनाच रंग धरला. त्याच्या आजोबांनी यार्डात तेच डबे धुतले होते.

दोन रंगांची हद्द सरळ यायला मास्किंग टेप लागते. आम्ही चार पैसे वाचवले आणि खोकी बांधायची तपकिरी टेप दिली. ती ओढताच क्रीम रंग पुठ्ठ्याच्या पापुद्र्यासकट निघून आला. पोरगा काही बोलला नाही. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

वस्तीत गॅरेजमध्ये मोटारी रंगवणारे एक काका आहेत. ते म्हणाले, “साहेब, खोक्याची टेप खोक्यालाच!” मास्किंग टेप मुळात मोटारींच्या दुरंगी कामासाठीच निघाली. कॉलेज अर्धवट राहिलेल्या रिचर्ड ड्रू यांनी ती १९२५ साली अमेरिकेत तयार केली.

काकांनी सांगितले ते असे. टेप कागदी, पातळ, हलक्या चिकटाची घ्यावी. पुठ्ठ्याला आधी प्रायमर द्यावा. फिका रंग आधी, गडद नंतर; पहिला रंग पूर्ण वाळू द्यावा. रोलच्या कडेला धूळ बसते, म्हणून टेप काचेवर चिकटवून पट्टी व ब्लेडने नवी कड कापावी. त्याने चिकटही थोडा कमी होतो. लावल्यावर कड नखाने दाबावी. कडेवरून आधी खालचाच रंग पातळ फिरवावा. फटी बुजतात, गडद रंग आत झिरपत नाही. टेप उभी उपटू नये; मागे दुमडून सावकाश काढावी. रात्रभर ठेवू नये, उन्हात तर नाहीच.

बोहरी आळीतून आम्ही नवा रोल आणला आणि मुलाच्या घरी गेलो. म्हणालो, “बाळा, चूक तुझी नव्हती, आमची होती.” पुढच्या रविवारी तो आला.

डबा तयार झाल्यावर आजोबांनी हद्दीवरून बोट फिरवले. एका ठिकाणी निळा किंचित फुटला होता. ते म्हणाले, “रेघ सरळ आहे. हा डबा मी धुतलेला.” मग डबा त्यांनी फळीवर, आजीच्या फोटोशेजारी ठेवला.

पालकहो, मुलांच्या हातात साधन देताना काटकसर जरूर करा. पण त्यांचे काम बिघडेल अशी नको. आमच्या हिशेबात वाचलेले चार पैसे जमेला होते. दोन रविवार मात्र खर्चात मांडायचे राहिले होते.