चौकटीचा काळा

वऱ्हाडातल्या जुन्या घरांत माजघराच्या भिंतीवर, पार छताजवळ, थोड्या पुढे झुकलेल्या तसबिरी असायच्या. पगडी घातलेले आजोबा, खुर्चीला हात टेकून उभी राहिलेली आजी, शेजारी राजा रविवर्म्याची छापील लक्ष्मी. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि देव गावोगावच्या भिंतींवर येऊन बसले. आजोबांना आणि लक्ष्मीला पुष्कळ घरांत चौकट मात्र एकाच तऱ्हेची, काळी लाकडी. चुलीच्या धुराने आणि समईच्या काजळीने तिची चमक कधीच उतरलेली असे. तो उतरलेला काळा मला फार प्रिय आहे. नांगरून उन्हात पडलेल्या काळ्या रानासारखा तो प्रकाश पिऊन घेतो, परत फेकत नाही.

दुकानात आज मॅट काळा म्हणून जो रंग मिळतो, तो त्याच जातीचा. चकचकीत रंगाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे दारातून आलेला उजेड एकाच दिशेने उसळतो आणि थेट डोळ्यांत जातो. मॅट रंगात सिलिकासारखी बारीक भुकटी असते. ती पृष्ठभागावर न दिसणारा खडबडीतपणा ठेवते आणि उजेड चहूकडे विखुरतो. तसबिरीला काच असतेच, ती चमकणारच. तिच्या भोवती आणखी एक चमक कशाला? चौकट शांत राहिली की नजर आपोआप आतल्या चेहऱ्यावर जाऊन टेकते.

ही भुकटी डब्याच्या तळाशी बसते. डबा उघडला की काडीने तळापासून, सावकाश, बराच वेळ ढवळत राहावं लागतं. वरवर ढवळून लावलेला रंग एका बाजूला चमकतो, दुसऱ्या बाजूला मेलेला दिसतो.

लाकूड म्हणाल तर सागच. मेळघाटच्या जंगलातला साग परतवाड्याच्या लाकूडबाजारातून वऱ्हाडभर गेला. आता अमरावतीत काय, अकोल्यात काय, जुने वाडे उतरवले जातात आणि त्यांच्या तुळया, दारांच्या चौकटी विकायला येतात. अशा जुन्या सागाची पट्टी रंध्याखाली धरली की करडा थर निघतो आणि आतून तांबूस, तेलकट वासाचं लाकूड उघडं पडतं. या तेलामुळेच रंग सागाला नीट धरत नाही. म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं, मग प्राइमर. चार पट्ट्या, ४५ अंशांचे आठ काप, गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासायचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं आणि पारा ४५ च्या पुढे गेला की कोपऱ्यात केसाएवढी फट दिसू लागते. ती त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून बुजवावी. मग पॉलिश पेपर, आधी १२० नंबरचा, नंतर २२०, शेवटी ३२०, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा घासला तर ओरखडे काळ्याखालूनही दिसतात.

मे महिन्यात रंगकाम सकाळीच करावं. दुपारी ब्रश टेकताच रंग सुकायला लागतो, ओढला जातो आणि ब्रशच्या केसांच्या खुणा तशाच राहतात. एका वयस्कर मिस्त्रीबुवांनी पहिल्या हातानंतर मला थांबवलं होतं, “हात लावून पाहू नोका, भाऊ. वाळला दिसते, पन वाळला नसते.” त्यांच्याकडूनच मी पातळ हात द्यायला शिकलो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्यावेत, मधे हलका पॉलिश पेपर फिरवावा. मग तिरप्या उजेडात काळ्याखालून सागाच्या रेषा जाणवतात. लाकूड पार बुडवून टाकणारा काळा मला लाकडाचा अपमान वाटतो. कडेचा रंग मुद्दाम खरवडून जुनेपणा आणायची एक टूम निघाली आहे, तीही मला पटत नाही. झीज व्हायची ती हाताळून व्हावी.

डब्याशिवायही काळा करता येतो. काष्ठौषधीच्या दुकानातला हिरडा उकळून त्याचा काढा लाकडाला पाजायचा, वाळला की गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून केलेलं पाणी वरून फिरवायचं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांची गाठ पडते आणि लाकूड डोळ्यांदेखत काळवंडत जातं. कलमकारीतला काळा याच जोडीतून येतो. हा रंग वर बसत नाही, आत मुरतो. वेळ असेल त्याने एकदा तरी करून पाहावा.

दुकानांत आता तयार फायबरच्या सोनेरी पट्ट्या लटकतात. लग्नाच्या फोटोला त्या शोभतीलही. पण गाडगे महाराजांची तसबीर सोनेरी वेलबुट्टीत बसवलेली पाहिली की मला कसंसंच होतं. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्या, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात गाडगं घेऊन गावं झाडत फिरला. कुणाला पाया पडू दिलं नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळच त्याने देह ठेवला, शहरात त्याची समाधी आहे. त्याच्या तसबिरीला सागाची साधी दोन बोटं रुंद पट्टी आणि तिच्यावर मॅट काळा, एवढंच हवं. त्या काळ्यात त्याची पांढरी दाढी आणि चिंध्यांची प्रत्येक घडी स्पष्ट उठून येते. चौकट करणाऱ्याने एवढी निवड तरी त्या माणसाकडे पाहून करावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे तसबिरीला हळदकुंकू लागतंच आणि काचेवरून सांडलेला कण मॅट काळ्यावर लगेच दिसतो. तो कोरड्या मऊ ब्रशने झटकावा. ओल्या फडक्याने चोळला तर कुंकू पसरतं आणि चोळलेली जागा चकाकू लागते. डाग राहिलाच, तर तेवढ्याच ठिकाणी रंगाचा ठिपका देऊ नये, तो वेगळा उठून दिसतो. त्या बाजूची अख्खी पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात रंगवावी. यासाठी उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून ठेवावा आणि वापरण्याआधी तळापासून ढवळावा.