कोर्टातून उठून गेलेले

ज्युरी. १९५९ साली नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या सेशन्स कोर्टात नऊ जण बसले होते. आठ म्हणाले निर्दोष, एक म्हणाला दोषी. न्यायाधीशांना ते पटेना. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. ज्युरी या एका खटल्याने बुडवली असे लोक सांगतात. पण ती मोडीत काढा, असे कायदा आयोगाने १९५८ सालीच लिहून ठेवले होते. १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच उरली नाही. पारशी जोडप्यांच्या घटस्फोटाच्या दाव्यात पाच डेलिगेट आजही बसतात, तेवढेच.

हळहळायचे तर जपून. १९०८ साली टिळकांसमोर नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. ‘केसरी’चे मराठी लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून आले. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. ज्युरी होती, शेजारी नव्हते.

असेसर. जिथे ज्युरी नाही तिथे सेशन्स जज्जाच्या बाजूला बसणारे गावचे प्रतिष्ठित गृहस्थ. मत विचारले जाई, ऐकलेच पाहिजे असे नव्हते. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईकडे होता, म्हणून त्यातल्या जोयडा तालुक्याच्या रानातला खुनाचा खटलाही याच चौकटीतला. असेसर १९५५ च्या दुरुस्तीने गेले. कोणी विचारले नाही, कोणी रडले नाही.

पंच. एके काळी गोतसभेत बसून निवाडा करणारा, महजरावर निशाणी उठवणारा. आता जप्तीच्या वेळी रस्त्यावरून बोलावून आणलेला, कागदाखाली सही ठोकणारा. कायदा त्याच भागातले दोन प्रतिष्ठित, निष्पक्ष रहिवासी मागतो. पंच मात्र चहाच्या टपरीवर सापडतो, दोन वर्षांनी साक्षीला येतो आणि ‘मला काही आठवत नाही’ म्हणून फितूर होतो. १ जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरण बंधनकारक झाले. पंच अजून लागतात. पण वाद निघाला की कोर्ट आधी मोबाइलकडे बघणार.

पुकारा. पट्टेवाला व्हरांड्यात येतो, नाव तीनदा ओरडतो, चिंचेखाली बसलेला पक्षकार धोतर सावरत उठतो. नाव चुकीचे उच्चारले तर माणूस बसूनच राहतो आणि वॉरंट निघते. आता सोळा अक्षरी केस नंबर टाकला की पुढची तारीख फोनवर दिसते. रेंज असली तर. जोयडा तालुक्यात त्यासाठी टेकडी चढावी लागते अशी गावे आहेत.

स्टॅम्पपेपर. हिरवट कागद, वर छापलेली किंमत, मागे विक्रेत्याचा शिक्का आणि घेणाऱ्याची सही. शेजारच्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याच कागदाच्या नकला छापून देशभर गाजला. त्यानंतर कर्नाटकात ई-स्टॅम्प आला. कागद साधा झाला, बारकोड मोठा झाला. स्टॅम्प विकता विकता अर्जही लिहून देणारा म्हातारा मात्र खुर्चीसकट गेला.

तीनशे दोन. ‘त्याच्यावर तीनशे दोन लागली’ म्हटले की वकिलाची गरज नसे, सगळ्या बाजाराला कळे. आता नव्या कायद्यात खून कलम १०३. चारशे वीस ही तर शिवीच होती. फसवणूक आता ३१८. एफआयआरवर नवा आकडा, तोंडात जुना. शाळकरी पोरांना मात्र चारशे वीस म्हणजे काय ते समजावून सांगावे लागणार.

सुपे. तालुक्याची कचेरी होती ते गाव. काळी नदीवर धरण झाले, गाव पाण्यात गेले, कचेऱ्या जोयड्याला आल्या, लोक रामनगरला वसवले. २०११ च्या जनगणनेत तालुक्याचे नाव सुपाच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, महाराष्ट्र वादी, कर्नाटक प्रतिवादी. मागितलेल्या मुलखात सुपे आहेच. आता या तालुक्याने साक्षीला उभे राहायचे म्हटले, तर उभे राहायला जुने गाव नाही.

म्हाताऱ्याची जबानी. ज्युरीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आज तालुक्यात आहे ती म्हणजे वनहक्क समिती. ग्रामसभेने निवडलेले दहा ते पंधरा शेजारी. ते जागेवर जातात, बांध बघतात, जंगलातल्या जमिनीवरचा दावा खरा की खोटा ते सांगतात. त्यावर उपविभागीय समिती, वर जिल्हा समिती. खालचे मत वर टिकेलच असे नाही. ती तऱ्हा नानावटीच्या ज्युरीपासूनची.

पुराव्यात वनहक्क कायद्याने एक मोठी गोष्ट मानली आहे: दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी म्हणणे. इथे आज्याने कुमरीची फिरती शेती केली, ही विहीर त्याने खणली, तो दगड म्हणजे आमच्या देवाची हद्द. पण त्याच्या जोडीला आणखी एक तरी पुरावा लागतो. त्यातून जमातीप्रमाणे अट बदलते: गोव्यातला कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहे, जोयड्यातला नाही. त्यामुळे १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवून गोव्यातल्याचे भागते. इकडच्याला त्याही मागच्या तीन पिढ्यांचे, पंचाहत्तर वर्षांचे, म्हणजे १९३० पासूनचे वास्तव्य दाखवावे लागते. १९३० साल स्वतः पाहिलेला साक्षीदार आज शंभरीच्या आसपासचा. त्याच्याकडून ऐकलेला मुलगाही सत्तरीत.

या यादीतल्या बाकीच्या गोष्टी कायद्याने काढल्या, नाहीतर धरणाने, नाहीतर फोनने. ही एकच वयाने जाणार आहे. ग्रामसभेचे बुक आहे, सचिव आहे, अंगठ्याला शाई आहे. जबानी आज लिहून घ्यायला कोणाचा हुकूम लागत नाही.