त्या रात्री एक दोनदा वाजला

"आज तू आठ वाजता कामावर आलास?" पाजींनी चिठ्ठी डोळ्यांपासून हातभर लांब धरत विचारलं.

"नाही हो, नऊला. तुमच्यासमोरच तर आलो."

"मग हे सव्वा तासाचं काम तुझ्या भुतानं केलं का?"

चिठ्ठी टॅकोची होती. टॅको म्हणजे टॅकोग्राफ. ब्रिटनमध्ये मोठा ट्रक चालवायचा तर या रेडिओएवढ्या यंत्राशी रोज गाठ पडते. आपल्या नावाचं कार्ड त्यात सरकवायचं, की मिनिटामिनिटाचा हिशेब सुरू. स्टिअरिंगचं चिन्ह म्हणजे गाडी चालते आहे, एकावर एक तिरके दोन हातोडे म्हणजे दुसरं काही काम, आणि पलंग म्हणजे विश्रांती. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा १० चालतात. दोन पाळ्यांच्या मध्ये ११ तास विश्रांती. नियम मला सगळे पाठ होते. सांगली डेपोत एसटी चालवण्यात ज्यांचा जन्म गेला त्या ड्रायव्हरचा मी मुलगा, पाठांतरात कमी पडणार नव्हतो.

पाठ नव्हतं ते एवढंच, की हे यंत्र मनातल्या मनात कायम यूटीसीवर चालतं. आपल्या भाषेत, ग्रीनिचच्या वेळेवर. गंमत अशी, की ग्रीनिच याच देशात आहे आणि हाच देश वर्षातले सात महिने ग्रीनिचची वेळ पाळत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे. विल्यम विलेट नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकानं १९०७ साली सकाळचं ऊन फुकट जातं म्हणून पुस्तिका काढली, आणि १९१६ साली युद्धाच्या धामधुमीत त्याचा कायदा झाला. विलेट १९१५ मध्येच वारला होता, त्यामुळे तक्रार घेऊन जायलाही जागा नाही.

मी लायसन्स काढलं एप्रिलमध्ये. म्हणजे माझं सगळं शिक्षण उन्हाळ्याच्या वेळेतलं. आमच्या गाडीतला टॅको जुना. कार्ड घातलं की तो विचारतो, कार्ड बाहेर होतं तेवढा वेळ काय करत होतास? उत्तर यूटीसीत द्यायचं. मी सहा महिन्यांत एक सवय लावून घेतली होती: घड्याळ बघायचं, एक वजा करायचा, बटणं दाबायची. त्या रविवारी रात्री नऊला आलो, चाकं-दिवे तपासले, सव्वानऊला कार्ड घातलं आणि सवयीनं एक वजा केला. पण पहाटेच घड्याळं मागे गेली होती. आता भिंतीवरची वेळ आणि यूटीसी एकच होती. झालं, आठपासून मी दोन हातोड्यांखाली राबत होतो असं यंत्रानं लिहून घेतलं. एकदा पक्की केलेली नोंद खोडता येत नाही. पाजींनी चिठ्ठी छापायला लावली, तिच्या मागे काय चुकलं ते पेनानं लिहून सही करायला लावली आणि जपून ठेवायला सांगितलं. रस्त्यात तपासणीवाल्यांनी अडवलं तर २८ दिवसांचा हिशेब जवळ लागतो.

"तासभर फुकटचं काम केलंस," पाजी म्हणाले, "पण काल रात्री झोप कशी लागली ते सांग."

काल रात्रीचं मी कुणाला सांगणार नव्हतो.

शनिवारी रात्री नऊला हजर, नऊ वीसला गाडी यार्डाबाहेर. मिडलंड्समधून एम-६ नं वर पेनरिथकडे जायचं, तिथं ट्रेलर बदलायचा आणि परत. एक पस्तीसला पोचलो. सव्वाचार तास चालवून झाले होते, म्हणून आधी ४५ मिनिटांची सुट्टी घ्यायचं ठरवलं. फोनवर दोन वीसचा गजर लावला, पडदे ओढले आणि आडवा झालो.

थंडीनं जाग आली. फोन बघितला. एक वीस.

एक पस्तीसला झोपलेला माणूस एक वीसला जागा झाला. डोळे चोळून पुन्हा बघितलं, एक एकवीस. झोपेत डोकं जेवढं चालतं तेवढं चाललं: गजराला अजून तास आहे, मघाशी वेळ चुकीची वाचली असेल. पांघरूण ओढून पुन्हा झोपलो.

गजर दोन वीसला वाजला, अगदी इमानदारीत. खाली उतरण्याआधी टॅकोकडे बघितलं तर पलंगाच्या चिन्हापुढे एक तास पंचेचाळीस मिनिटं. वरच्या कोपऱ्यात वेळ तीन वीस. टॅकोच्या पडद्यावरची स्थानिक वेळ हातानं बदलावी लागते आणि ती मी बदललेली नव्हती. फोनची वेळ आपली आपण बदलली होती. दोघं मिळून मला वेड्यात काढत होते.

ती बदलायला नंतर मेनू उघडला, तर वेळ अर्ध्या-अर्ध्या तासानं सरकत होती. म्हणजे या यंत्रात भारताची साडेपाच तासांची वेळही बसते! आमच्या आजोबांची मुंबई वेळ मात्र बसली नसती. भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली ती वेळ मुंबईत १९५५ पर्यंत चालू होती. गिरणीतले आजोबा तेवढा हिशेब डोक्यात ठेवून जगले, आणि मला एका तासाचा ठेवता येईना.

पाजी म्हणतात, ऑक्टोबर प्रेमळ, मार्च वाईट. ऑक्टोबरात फार तर तासभर जास्त झोपाल. मार्चात मात्र शनिवारी रात्री आठला गाडी लावली आणि रविवारी सकाळी सातला काढली, तर भिंतीवर अकरा तास दिसतात आणि टॅकोत दहाच. ती मग कमी केलेली विश्रांती धरली जाते. दोन साप्ताहिक सुट्ट्यांमध्ये ती तीनदाच चालते, आणि तीन आधीच वापरल्या असतील तर नियम मोडला. "घड्याळ बघून झोपायचं नाही," ते म्हणाले, "पलंगाचे तास मोजायचे." हे वाक्य त्यांनी शनिवारी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तर रविवारी सकाळी यार्डात शिरलो तेव्हा छातीत धडधड होती. गेटवरच्या माणसानं घड्याळ बघितलं आणि वहीत साडेसात लिहिलं. दर रविवारी तो हेच लिहितो. रात्रीनं दिलेला तास मी झोपून काढला होता आणि हिशेब आपोआप जुळला होता. कुणालाही कळलं नाही. कार्ड काढून घेतलं, खिशात ठेवलं आणि सुटलो म्हटलं.

फोनवर आईचा चुकलेला कॉल होता. ती दर रविवारी नैवेद्य दाखवून झाला की बरोबर बाराला फोन करते, तेव्हा इथे साडेसात वाजलेले असतात आणि मी नुकता गाडीतून उतरलेला असतो. आज तिचा फोन आला तेव्हा मी एम-६ वर होतो. लगेच उलट फोन लावला.

"जेवलो आम्ही," आई म्हणाली. "एक वाजून गेला. तासभर उशीर झाला तुला आज. वाटेत झोपलास की काय?"