इचोड्याचा गज

नागपूरहून चव्वेचाळीस नंबरच्या हायवेने निघालं, की पांढरकवड्यानंतर पैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की पाट्या तेलुगूत होतात, पण टपरीवरची भाषा मराठीच राहते. आदिलाबाद, गुडीहत्नूर आणि मग इचोडा. बाजारात एकाच दुकानात मराठी, तेलुगू, गोंडी आणि दखनी उर्दू कानावर पडते. हे माझं आजोळ. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत मी लेकीला घेऊन टेक्ससहून इथे आलो.

पहिल्याच संध्याकाळी तिने मला हळूच विचारलं, "मामाआजोबांच्या डाव्या हाताला दोन बोटं का नाहीत?"

मामांचं शेत जंगलाच्या कडेला. ज्वारी भरात आली की रानडुकरं एका रात्रीत वाफेच्या वाफे झोपवतात. मामांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरं मारायची नाहीत, नुसता बार काढून पळवायची. मी नऊ वर्षांचा असताना, एका पावसाळी रात्री, मामांनी चाप ओढला. टोपी वाजली, बार उडाला नाही. दारू सादळली असावी. घाईत त्यांनी त्याच्यावरच दुसरा बार ठासला. या वेळी दोन्ही एकदम पेटले आणि नळी फुटली.

ही गोष्ट मला नव्याने कळली ती टेक्ससमध्ये. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं भरतात. तिथे हा रीतसर छंद आहे. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे आणि लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलही. चापाभोवतीची कडी खाली-वर केली की पुढचं काडतूस नळीत येतं. दोन्हींना काडतूस एकच. ही सोय जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ची रायफल ज्या काडतुसाची होती, त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर पुढे कोल्टनेही काढलं.

मला वाटलं, माप एकच म्हणजे प्रश्न मिटला. काका हसले. रायफलमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्याची गोळी टोकदार असेल, तर धक्क्याने ती पुढच्याच्या टोपीवर आदळू शकते. म्हणून गोळी चपट्या तोंडाची हवी. दुसरं, रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून सहज निघणारा हलका बार रायफलच्या लांब नळीत अर्ध्यावर अडकू शकतो. आवाज दबका आला तर थांबायचं, हत्यार रिकामं करायचं, नळी आरपार तपासायची. न बघता पुढची गोळी झाडली, तर नळी फुटते.

तिसरी गोष्ट ऐकताना मला मामा आठवले. आजची दारू इतकी जोरकस, की पितळी केसमध्ये तळाशी थोडीच लागते. चुकून दुप्पट पडली तरी सांडत नाही, कळतच नाही. म्हणून काका टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवतात, माप छापील पुस्तकातूनच घेतात, वजन करतात आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघतात. फोन घरात ठेवतात. कुणी बोलायला आलं की काम बंद.

माणूस घाबरला की मोजणं विसरतो. १८६३मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या हजारो बंदुकांत एकावर एक बार ठासलेले सापडले होते. ते तर कवायत केलेले सैनिक होते.

आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतुसं भरणं हा गुन्हा आहे, आणि मला तो छंद लावूनही घ्यायचा नव्हता. पण मी प्रॉडक्शनमध्ये कोड टाकतो. "मघाशी बघितलं होतं" आणि "आत्ता बघितलं" यांतला फरक मला रोज भेटतो.

ओसरीवर मी हे सगळं मामांना सांगितलं. गजावर खूण केली तर आत बार आहे की नाही हे अंधारातही बोटाने कळतं, हेही सांगितलं. जरा शहाणपणाच्या सुरात.

मामा उठून आत गेले. बंदूक केव्हाच जमा केलेली, पण गज घेऊन आले. त्यावर दोन खाचा होत्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची.

"माझ्या बाबानं केल्या होत्या," मामा म्हणाले. "खूण होती रे. त्या राती गज घालून पाह्यलाच नाही. डुकरं आली होती ना."

लेकीने गज हातात घेतला आणि डोळे मिटून बोटाने दोन्ही खाचा शोधल्या. मामांनी तिला पुन्हा एकदा शोधायला लावल्या.